पेरसाळ पिवळी पडली? युरियाच्या आधी पान बघा

बीड जिल्ह्यात चिखलणी करून लावलेला भात क्वचितच दिसतो. इथल्या काळ्या रानाला जमते ती पेरसाळ, म्हणजे तिफणीनं पेरलेला, बांधात पाणी न साचवता घेतलेला भात. या पिकाचं मोठं दुखणं म्हणजे लोहाची कमतरता.

कारण काय? साचलेल्या पाण्यात जमिनीतलं लोह विरघळून मुळांना मिळतं. पेरसाळीत पाणी साचत नाही, त्यात चुनखडीची जमीन लोह धरून ठेवते.

ओळखायचं कसं? कोवळी पानं शिरांमधून पिवळी, पुढं पांढरट पडली तर लोह कमी. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी. लोह कमी असताना युरिया टाकला तर पैसा वाया जातो.

उपाय : १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी मिसळून फवारावं. ८-१० दिवसांनी पुन्हा फवारणी करावी. चुनखडीच्या रानात हिराकस नुसतं मातीत टाकून फारसा उपयोग नाही.

पेरणी : वापसा आल्यावर, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. एकरी सुमारे ३० किलो बियाणं, दोन ओळींत २२.५ सें.मी. अंतर. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे प्रभावती, पराग, अविष्कार हे वाण पेरसाळीसाठीच आहेत.

तण व पाणी : पहिले ४०-४५ दिवस कोळपणी-खुरपणी चुकवू नये. पीक पोटरीत आणि फुलोऱ्यात असताना पावसानं ताण दिला तर दाणे पोचट राहतात. म्हणून विहिरीचं एखादं-दुसरं पाणी हाताशी असेल तरच पेरसाळ धरावी.