घरगुती संगीत-संकलनातील ध्वनिमुद्रणांची ओळख : एक ऐतिहासिक विचार

१९०२ साली कलकत्ता येथे फ्रेड गैसबर्ग यांनी गौहरजान यांचे गायन ध्वनिमुद्रित केले. गायनाच्या अखेरीस गौहरजान इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारीत. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कारागिरांना गायिकेची ओळख पटावी हा त्यामागील हेतू सांगितला जातो. पुढे छापील लेबलवर भिस्त ठेवली जाऊ लागली. लेबलही निर्दोष नव्हते. 'महल' (१९४९) चित्रपटातील लता मंगेशकर यांच्या गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' हे पात्राचे नाव छापले गेले होते.

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कच्या मूळ मानकात गीतांचे क्रमांक व वेळा यांची नोंद होती, नावांची नव्हती. १९९६ मध्ये सीडी-टेक्स्टची जोड मिळाली, तथापि असंख्य वादनयंत्रे ती वाचीत नसत. सीडीडीबी या संगणकीय सूचीने वेगळा मार्ग काढला. गीतांच्या प्रारंभवेळा, एकूण अवधी व संख्या यांवरून डिस्कला आठ चिन्हांचा क्रमांक देऊन त्यावरून नावे शोधली जात. बाजारातील डिस्कसाठी ही युक्ती उत्तम होती. घरी निवडून नोंदविलेल्या गीतांचा क्रम मात्र त्या घरापुरताच असल्याने सूची निरुत्तर होई. क्वचित अवधी जुळून भलत्याच अल्बमची नावे पडद्यावर येत.

एमपी३ फाइलींसाठी आलेल्या आयडी३ च्या पहिल्या आवृत्तीत अवघे १२८ बाइट होते. शीर्षक, कलाकार व अल्बम यांना प्रत्येकी ३०. राग, ताल, साथीदार यांना स्वतंत्र रकाने नव्हते. पाश्चात्य गीताचा साचा खयालाला अपुरा पडणे स्वाभाविकच होते.

सर्वांत बिकट प्रश्न खाजगी मैफलींचा आहे. स्पूल व कॅसेटवरील मैफली सीडीवर उतरविल्या गेल्या, तेव्हा डिस्कवर बहुधा क्रमांक आणि तपशील वहीत, अशी व्यवस्था असे. वही हरवली की उरतो केवळ आवाज. चित्रपटगीतांसाठी हरमंदिर सिंह 'हमराज' यांचा गीतकोश हाताशी आहे. मैफलीसाठी तसा कोश नाही. २००२ मध्ये सुरू झालेली शॅझम सेवा विशिष्ट ध्वनिमुद्रणच ओळखते. तीच बंदीश त्याच गायकाने दुसऱ्या दिवशी गायिलेली असल्यास तिचा उपयोग नाही. बंदिशीतील मुद्राही दिशाभूल करू शकते. 'प्रेमपिया' ऐकताच फैयाज खाँ किंवा 'गुणीदास' ऐकताच जगन्नाथबुवा पुरोहित गात आहेत असे मानणे चुकीचे ठरेल, कारण मुद्रा रचनाकाराची असते, गायकाची नव्हे. टेपची गती बिघडलेली असेल तर षड्ज सरकतो आणि परिचित आवाजही परका भासतो.

आकाशवाणीवरून नोंदविलेल्या गायनापूर्वी निवेदक कलाकार, राग व साथीदार यांची नावे सांगत असे. सलग संगीत हवे म्हणून संकलक अनेकदा तेवढेच काही सेकंद कापून टाकीत.