धांवण्याचा श्रीगणेशा

बदलापूर हें नांव घोडे बदलण्यावरून पडलें, अशी त्या भागांत आख्यायिका आहे. लांबच्या मजलेवर निघालेला स्वार येथें थकलेला घोडा सोडी आणि ताज्या घोड्यावर मांड टाकी. व्युत्पत्तीचा निवाडा पंडितांनीं करावा. मला ही कथा ऐकतांना आठवण होते ती पायीं धांवणाऱ्यांची. मराठेशाहीच्या कागदपत्रांत जासूद, कासीद, हरकारे पदोपदीं भेटतात. लढाईची वार्ता त्यांच्याच पायांवर चाले. स्वाराला घोडा बदलतां येई, कासदाला पाय बदलतां येत नसत. त्याचें धांवणें ही चाकरी होती. सभ्य गृहस्थानें भर रस्त्यानें धांवूं नये, हा आपला संकेत कदाचित् तेथूनच आला असेल. तो आजही पुरता मोडलेला नाहीं.

पुढें १८५४ सालीं कल्याणपर्यंत आणि १८५६ सालीं खोपोलीपर्यंत आगगाडी आली. अंबरनाथ व बदलापूर याच वाटेवरचीं गांवें. शेजारीं दुसऱ्या महायुद्धांत लष्कराची छावणी वसली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित कुटुंबें आलीं आणि ऑगस्ट १९४९ मध्यें त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. कासीद पोटासाठीं धांवला, शिपाई हुकमानें धांवला, आणि या तीन शहरांतला आजचा नोकरदार धांवतो तो सकाळची लोकल गांठण्यासाठीं. पुलाचा जिना चढून डब्यांत शिरल्यावर त्याची छाती धडधडते आणि तो म्हणतो, धांवणें हें आपलें काम नव्हे. परंतु हा निर्णय त्यानें ज्या धांवण्यावरून दिला, तें धांवणेंच मुळीं चुकीचें होतें, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

आपल्याकडे शर्यतीचें धांवणें शास्त्रशुद्ध रीतीनें सुरू झालें, त्याची कथा मोठी गोड आहे. पुण्यास १९०६ सालीं स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्यानें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मैदानी सामने भरविले. अध्यक्ष सर दोराबजी टाटा पाहातात तों काय, स्पर्धक बहुतेक शेतांत राबणारीं खेड्यांतलीं मुलें! साधें अन्न, अनवाणी पाय, नियमांची माहिती नाहीं, शिक्षण नाहीं; शंभर यार्डांची शर्यत वळणावरून, आणि धांवपट्ट्या आंखण्याचाही पत्ता नाहीं. असें असूनही त्या मुलांच्या वेळा युरोपांतील धांवपटूंच्या फार मागें नव्हत्या. त्या विस्मयांतूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठविण्याची खटपट झाली. संघांत बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. २२ ऑगस्ट रोजीं पावसाळी हवेंत पावणेत्रेचाळीस किलोमीटरांची मॅरेथॉन झाली. फिनलंडचा कोलेहमाइनेन पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. सदाशिव दातार हेही त्याच शर्यतींत उतरले होते. बेळगांवकरांनीं याचा अभिमान बाळगावा तितका थोडाच.

मात्र अशा पराक्रमाची एक उलटी बाजू असते. धांवणें पराक्रमाच्या पदरीं पडलें कीं पन्नाशीचा कारकून प्रेक्षकांत जाऊन बसतो. त्याला मैदानांत ओढण्याचें श्रेय न्यूझीलंडचे शिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्याकडे जातें. १९६२ च्या सुमारास त्यांच्या प्रेरणेनें ऑकलंड येथें उतारवयाचे, कांहीं तर हृदयविकार झालेले गृहस्थ संथपणें धांवूं लागले. अमेरिकेचे नामांकित शिक्षक बिल बॉवरमन तेथें पाहुणे म्हणून गेले असतां सत्तरी उलटलेल्या एका गृहस्थाबरोबर धांवतांना त्यांनाच दम लागला! परत येऊन त्यांनीं आपल्या गांवीं वर्ग काढला, आणि १९६७ सालीं एका हृदयरोगतज्ज्ञाच्या सहकार्यानें त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. या पद्धतीची कसोटी सोपी आहे: धांवतांना सोबत्याशीं बोलतां आलें पाहिजे. वाक्य तुटलें कीं वेग कमी करावा.

संथ हालचालीनें खरेंच कांहीं साधतें काय? १९५३ सालीं लंडनच्या जेरेमी मॉरिस यांनीं दुमजली बसगाड्यांच्या नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षां जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला. त्यानंतरच्या संशोधनानें नियमित व्यायामाचा रक्तदाब, रक्तांतील साखर, झोंप आणि मनाची उभारी यांवर होणारा चांगला परिणाम वारंवार दाखविला आहे.

नवशिक्यानें आरंभीं एक मिनिट धांवावें, दोन मिनिटें चालावें, असें वीस मिनिटें. आठवड्यांतून तीन दिवस पुरेत. श्वास दोनतीन आठवड्यांत सुधारतो, परंतु स्नायूंना हाडांशीं बांधणारे कंडरे फार सावकाश बळावतात. पहिल्या महिन्याच्या अखेरीस उत्साहाच्या भरांत एकदम अंतर वाढविणारे म्हणूनच नडगी व टांच धरून बसतात. छातींत दुखणें, मधुमेह किंवा रक्तदाब असेल त्यानें आधीं डॉक्टरांस विचारावें. आपल्याकडील दमट हवेंत पहांटेची वेळ बरी. तीही भरल्या पोटीं नव्हे. मुसळधार पावसांत मैदानाचा चिखल झाला, तर लंडनच्या त्या कंडक्टरांप्रमाणें घराचा जिना आहेच. ओल्या पायऱ्या उतरतांना मात्र कठडा धरावा.