आरोग्यधामाकडून घराकडे : सातारा-सांगली भागातील क्षयोपचार व सहव्याधींचा प्रश्न

प्रतिजैविकांचा इतिहास बहुधा विजयाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. क्षयरोगापुरता तो खराही आहे. परंतु रोग्याच्या देहात क्षयाबरोबर दुसरी व्याधी वसत असेल तर औषध कसे द्यावयाचे, हा प्रश्न त्या कथेत मागे पडतो. सातारा-सांगली भागात तो विशेष स्पष्टपणे पाहता येतो. (१९४९ साली निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यास सांगली हे नाव १९६० साली मिळाले.)

मिरजेस डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले. त्यांचे नाव धारण करणाऱ्या वानलेसवाडीत पुढे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम उभे राहिले. पाचगणीच्या थंड हवेत डॉ. बिलिमोरिया यांनी असेच कार्य आरंभिले. विश्रांती, मोकळी हवा व सकस आहार एवढेच उपचार तेव्हा हाती होते. रोग हटविण्याची शक्ती या संस्थांपाशी थोडी. पण रोगी महिनोन् महिने वैद्य व परिचारिका यांच्या नजरेखाली असे. या नजरेचे मोल पुढे औषधे आल्यावर कळावयाचे होते.

१९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. हे औषध शरीराचा तोल व श्रवणशक्ती यांस अपाय करू शकते, आणि ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. ज्याची मूत्रपिंडे आधीच दुर्बळ, त्याच्या अंगात ते साचते व नेहमीची मात्राही घातक ठरते. १९५२ पासून वापरात आलेल्या आयसोनायझिडाने हातापायांस मुंग्या येतात. कुपोषित व मधुमेही रोग्यांत हे अधिक घडते, म्हणून त्यांस सोबत ब-६ जीवनसत्त्व द्यावे लागते.

अशा स्थितीत १९५९ साली मद्रास येथील अभ्यासाने दाखवून दिले की, घरी राहून घेतलेले उपचार आरोग्यधामातील उपचारांइतकेच गुणकारी असतात. आरोग्यधामांचे मुख्य प्रयोजनच त्यामुळे संपले. माझ्या मते ही इष्टच गोष्ट झाली. माण-खटावच्या कोरडवाहू शेतकऱ्याने वर्षभर घर सोडावे कसे? मात्र औषध घरी गेले, ती नजर गेली नाही. रोग्यास आणखी कोणता विकार आहे, तो दुसरी कोणती औषधे घेतो, हे विचारणारा माणूस आता मुद्दाम नेमावा लागणार होता.

रिफॅम्पिसिनच्या आगमनानंतर ही उणीव अधिक जाणवली. हे औषध यकृताची अन्य औषधे पचविण्याची गती वाढविते. परिणामी मधुमेहाच्या काही गोळ्या, रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन व संततिनियमनाच्या गोळ्या निष्प्रभ होऊ लागतात. रोग्याने क्षयाचे औषध स्वतःहून थांबविणे हा त्यावर उपाय नव्हे. दुसऱ्या औषधाची मात्रा वा प्रकार वैद्यानेच बदलावयाचा असतो.

सांगली जिल्ह्यात एच.आय.व्ही.चा प्रादुर्भाव मोठा होता, आणि पाचगणीचे ते जुने आरोग्यधाम, पुढे रेड क्रॉसकडे आलेले बेल-एअर, याच रुग्णांच्या सेवेस लागले. एच.आय.व्ही.बाधितास क्षय जडण्याचा धोका फार, आणि रिफॅम्पिसिन त्याच्या विषाणुरोधी औषधांचेही बळ घटविते. म्हणूनच डोल्यूटेग्राव्हिर हे औषध एरवी दिवसातून एकदा, तर रिफॅम्पिसिनसोबत दोनदा दिले जाते. क्षय व मधुमेह यांची तपासणी परस्परांशी जोडण्याची राष्ट्रीय चौकट मात्र २०१७ साली आली. म्हणजे मद्रासच्या त्या अभ्यासानंतर तब्बल ५८ वर्षांनी.