दुसरी आन्येझी

शार्ल द ब्रोस हा फ्रान्समधल्या दिजाँचा न्यायाधीश. 1739 च्या जुलैत तो मिलानमध्ये आन्येझी कुटुंबाकडे गेला. थोरली मुलगी मारिया गाएताना हिने जमलेल्या विद्वानांशी लॅटिनमध्ये वाद केला. पुढे ती गणितज्ञ म्हणून नावाजली आणि त्या बैठकीची आठवण तिच्यापुरतीच उरली. या भेटीबद्दलच्या द ब्रोसच्या पत्रात मात्र पुढेही मजकूर आहे. वादानंतर तिची धाकटी बहीण मारिया तेरेसा हार्प्सिकॉर्डवर बसली. तिने संगीतकार रामोच्या रचना वाजवल्या, स्वतःच्या वाजवल्या आणि स्वतःच साथ करत गायली. तेव्हा ती 18 वर्षांची होती.

ही साक्ष कितपत धरायची? द ब्रोसची अनेक पत्रं प्रवासानंतर घरी बसून लिहिलेली आहेत आणि ती छापून आली 1799 मध्ये, तो वारल्यानंतर. त्यामुळे त्यांतली संभाषणं मी जपूनच वाचतो. पण रामो मूळचा दिजाँचाच. गावच्या संगीतकाराच्या रचना ओळखण्यात हा श्रोता फसला असेल, असं मला वाटत नाही.

मारिया तेरेसाचे वडील पिएत्रो यांना जुनी पुस्तकं गणिताचे प्राध्यापक म्हणतात. ते चूक आहे. घराण्याचा पैसा रेशमाच्या व्यापारातला होता आणि घरच्या बैठकींतून पिएत्रो सरदारवर्गात जागा शोधत होते. 1752 च्या मार्चमध्ये ते वारले आणि जूनमध्ये मारिया तेरेसाने पिएत्रो अंतोनिओ पिनोत्तिनीशी लग्न केलं. या दोन घटना इतक्या लागून आल्या, यावरून वडील असेपर्यंत हे लग्न अडलं होतं असं वाटतं.

लग्नाने तिचं संगीतलेखन मात्र थांबलं नाही. लग्नाआधी, 1747 मध्येच, मिलानच्या दरबारी नाट्यगृहात तिची ‘इल रेस्ताउरो द’आर्कादिया’ ही रचना सादर झाली होती. लग्नानंतर 26 डिसेंबर 1753 रोजी तिथेच ‘चिरो इन आर्मेनिया’ हा तिचा ऑपेरा रंगला. मिलानचा कार्निव्हल हंगाम याच दिवशी उघडत असे. घरच्या हौसेला असा दिवस कोणी देत नाही. पुढे ते नाट्यगृह 1776 मध्ये जळालं आणि दोन वर्षांनी त्याऐवजी ला स्काला हे नाट्यगृह उभं राहिलं.

तिच्या ‘सोफोनिस्बा’ या ऑपेराची हस्तलिखित स्वरलिपी व्हिएन्नात आहे. 1795 मध्ये मिलानलाच ती वारली. कोशांत तिची ओळख अजूनही आधी गणितज्ञ आन्येझीची बहीण अशी येते. कागद पाहता तिची नोंद मिलानच्या रंगभूमीची संगीतकार अशीच व्हायला हवी.