साडेपाच हजार सह्या

कामण-चिंचोटी पट्ट्यातल्या कारखान्यांत जाणारी बरीच पोरं आता लिंक्डइनवर आहेत. सुपरवायझर, अकाउंटवाले, क्वालिटीवाले. त्यांच्या पोस्ट वाचा, सगळा आनंदीआनंद! नवी जबाबदारी, साहेबांचे आभार, सत्काराचा फोटो. पगार किती तारखेला होतो, ओव्हरटाइम सिंगल की डबल, मशीनमध्ये हात गेला त्याचं पुढे काय झालं, हे मात्र कामण स्टेशनवर गाडीची वाट बघतानाच बोललं जातं. पोरांना दोष देत नाही. पोस्टवर स्वतःचं नाव, कंपनीचं नाव, आणि वाचायला एचआरही तिथेच.

नारायण मेघाजी लोखंडे आठवतात ते यामुळे. जन्म १८४८, ठाण्याचा. (पालघर जिल्हा २०१४ ला झाला, तोवर आपणही ठाणे जिल्ह्यातलेच. म्हणजे आपलाच माणूस.) रेल्वे, पोस्ट करून ते मुंबईत मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर झाले. गिरणी आतून बघितली, ती तिथे. १८८० मध्ये नोकरी सोडली आणि कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेलं ‘दीनबंधू’ मुंबईहून चालवायला घेतलं. पगारावर असताना हे सगळं छापता आलं असतं का? मला नाही वाटत.

पण लोखंडे नुसतं छापून थांबले नाहीत. १८८४ मध्ये सरकारने फॅक्टरी कमिशन नेमलं, तेव्हा त्यांनी परळला कामगारांची सभा घेतली आणि कमिशनपुढे अर्ज ठेवला. आठवड्याला रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, त्यापुढे नाही. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. मागण्या वाचा, स्टेशनवरच्या गप्पाच की! अर्जावर सह्या साडेपाच हजार. एकाने सही केली असती तर दुसऱ्या दिवशी गेटबाहेर. साडेपाच हजारांना काढून गिरण्या चालवणार कोण?

तरी सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजार कामगार जमले, त्यात दोन कामगार बायाही उभं राहून बोलल्या. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

आताचं बघा. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका तरुण हिशेबनीस मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. ते लिंक्डइनवर देशभर फिरलं, केंद्राने चौकशी लावली. पत्र लिहिणारी आई त्या कंपनीच्या नोकरीत नव्हती, हे विसरू नका.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातले रोजचे कमाल तास ९ वरून १२ करायला मंजुरी दिली. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागणार. म्हणजे पुन्हा सहीच. फरक एवढाच की १८८४ चा कागद कामगारांनी लिहून वर पाठवला होता, हा वरून येणार. कामणच्या गाळ्यात तो कसा येतोय? सगळ्यांना एकत्र वाचून दाखवतात, की एकेकाला केबिनमध्ये बोलावून सही घेतात? ज्यांच्यापुढे आलाय त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. नाव छापणार नाही.