आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत

भारतातल्या पहिल्या सर्वसमावेशक अपंग हक्क कायद्याच्या नावात 1995 हे साल आहे, पण त्याचा अधिकृत क्रमांक '1996 चा 1' असा पडला. संसदेने विधेयक डिसेंबर 1995 मध्ये मंजूर केले, राष्ट्रपतींची संमती 1 जानेवारी 1996 ला मिळाली आणि 7 फेब्रुवारीपासून कायदा लागू झाला. शेवटचा टप्पा असा भराभर पार पडला. त्याआधीची वर्षे मात्र फार संथ गेली होती. न्या. बहारुल इस्लाम यांच्या अध्यक्षतेखाली 1987 मध्ये समिती नेमली गेली, 1988 मध्ये तिचा अहवाल आला आणि पुढची सात वर्षे कायदा काही झाला नाही.

कोंडी कशी फुटली, याचा एक धागा कायद्याच्या उद्देशिकेतच सापडतो. तिथे उल्लेख आहे तो 1 ते 5 डिसेंबर 1992 दरम्यान बीजिंगला झालेल्या आशिया-पॅसिफिक बैठकीचा. अपंगांचा पूर्ण सहभाग आणि समानता यांचा जाहीरनामा त्या बैठकीत संमत झाला, भारताने त्यावर सही केली आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी हा कायदा करत आहोत, असे उद्देशिका सांगते. देशातल्या अपंगांसाठीच्या कायद्याला बीजिंगचा आधार कशाला, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर घटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. 'अपंग आणि रोजगारास असमर्थ व्यक्तींना साहाय्य' हा विषय राज्यसूचीत, नवव्या क्रमांकावर आहे. आंतरराष्ट्रीय कराराच्या किंवा परिषदेतील निर्णयाच्या अंमलबजावणीसाठी मात्र अनुच्छेद 253 प्रमाणे संसदेला कोणत्याही विषयावर कायदा करता येतो. केंद्राला या क्षेत्रात पाऊल टाकायची वाट मिळाली ती अशी. पण प्रत्यक्ष काम आणि त्याचा खर्च मोठ्या प्रमाणात राज्यांकडे आणि स्थानिक संस्थांकडेच राहिला. पुढची सगळी ओढाताण या मांडणीतून निघते.

राजपत्रात माणसे दिसत नाहीत. जावेद अबिदी आणि डिसेबिलिटी राइट्स ग्रुपचे त्यांचे सहकारी यांनी या विधेयकासाठी दिल्लीत धरलेला आग्रह अधिनियमाच्या एकाही ओळीत नाही. अबिदी स्वतः व्हीलचेअर वापरत. 'आमच्यासाठी काहीतरी करा' ही जुनी अर्जाची भाषा सोडून 'हे विधेयक याच अधिवेशनात मंजूर करा' अशी नेमकी मागणी घेऊन खासदारांसमोर जाणे, हा त्या पिढीने पाडलेला पायंडा होता. माझ्या मते भारतीय अपंग चळवळीच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा बदल आहे.

मिळाले काय, ते कलमवार वाचले की कायद्याचे दोन आवाज ऐकू येतात. कलम 33 मध्ये नोकरीतले आरक्षण आहे. तिथे भाषा ठाम आहे: किमान 3 टक्के. कलम 40 मध्ये गरिबी निर्मूलन योजनांत पुन्हा किमान 3 टक्के. त्यानंतर आवाज पडतो. कलम 44 रेल्वेचे डबे आणि बस यांबद्दल, 45 रस्त्यांबद्दल, 46 सार्वजनिक इमारतींतले उतार, स्वच्छतागृहे आणि उद्वाहनातली ब्रेल चिन्हे यांबद्दल, 66 पुनर्वसनाबद्दल, 68 बेरोजगार भत्त्याबद्दल. या प्रत्येक कलमात एक पोटवाक्य घातलेले आहे: 'आपल्या आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत'. म्हणजे सरकारी पैसा लागणाऱ्या अनेक कामांत सरकारने स्वतःसाठी दार किलकिले ठेवले.

या पोटवाक्याची पहिली मोठी कसोटी अबिदींनीच घडवली. कायदा लागू करा, अशी याचिका घेऊन ते सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर 1998 च्या निकालात न्यायालयाने सरकारची आर्थिक क्षमता हा विचारात घेण्याजोगा मुद्दा आहे, असे मान्य केले. तरीही तिथे न थांबता, लांबच्या रेल्वेप्रवासात अस्थिव्यंग असलेल्या माणसाचे किती हाल होतात, ते न्यायालयाने लक्षात घेतले आणि अंधांना मिळणारी विमानभाड्याची सवलत 80 टक्के किंवा अधिक अस्थिव्यंग असलेल्यांनाही द्यावी, असा आदेश इंडियन एअरलाइन्सला दिला. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण पैशाची सबब ऐकून घेऊनही न्याय करता येतो, हे त्यात दिसते.

पैसा मागायचा तर आधी माणसे मोजावी लागतात. 1872 पासून 1931 पर्यंतच्या जनगणनांत अपंगांची नोंद होत असे. 1941 ते 1971 पर्यंत ती बंद झाली, 1981 मध्ये मर्यादित रूपात परतली आणि 1991 मध्ये पुन्हा गळाली. 2001 च्या जनगणनेतही हा प्रश्न नसणार होता. अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी मोहीम चालवली आणि अखेर कुटुंबपत्रिकेत पंधरावा प्रश्न आला. त्याचे उत्तर होते सुमारे 2.19 कोटी माणसे. 2011 मध्ये हा आकडा 2.68 कोटींवर गेला, त्यांतले सुमारे 29.63 लाख महाराष्ट्रातले. या संख्या कमीच आहेत, असे चळवळीतले लोक सांगत आले आहेत आणि ते मला पटते. पण कमी का होईना, अंदाजपत्रकाच्या चर्चेत टेबलावर ठेवायला सरकारनेच छापलेला आकडा हाती आला.

1 ऑक्टोबर 2007 रोजी भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला अनुसमर्थन दिले. या कराराचे अनुच्छेद 4(2) आणि 1995 चा कायदा शेजारी ठेवून वाचावेत. करार म्हणतो, उपलब्ध साधनसंपत्तीचा जास्तीत जास्त वापर करून हे हक्क टप्प्याटप्प्याने पूर्ण करा. आपला कायदा म्हणतो, क्षमतेच्या मर्यादेत करा. एकाची नजर तिजोरीत किती आहे याकडे, तर दुसऱ्याची कुठे थांबता येईल याकडे.

नव्या कायद्याच्या मसुद्यासाठी 2010 मध्ये डॉ. सुधा कौल समिती नेमली गेली, 2011 मध्ये तिने मसुदा दिला. विधेयक 7 फेब्रुवारी 2014 रोजी राज्यसभेत आले. ते मूळ मसुद्यापेक्षा पातळ झाले होते. आहे ते पदरात पाडून घ्यावे की अडवून धरावे, यावर चळवळीत उघड फूट पडली. अध्यादेशाची चर्चा झाली आणि बारगळली. विधेयक स्थायी समितीकडे गेले आणि तिचा अहवाल 2015 मध्ये आला. अखेर राज्यसभेने 14 डिसेंबर 2016 ला आणि लोकसभेने 16 डिसेंबरला ते मंजूर केले. अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले. आरक्षण 2014 च्या विधेयकात 5 टक्के होते, ते 4 टक्क्यांवर उतरले.

आणि ते पोटवाक्य? ते टिकले. 2016 च्या कायद्यात कलम 24 सामाजिक सुरक्षेचे आहे आणि 27 पुनर्वसनाचे. दोन्हींत 'आर्थिक क्षमता व विकास' यांची मर्यादा जशीच्या तशी आहे. जुनी वाहने सुगम्य करण्याबद्दलच्या कलम 41 मध्ये आर्थिकदृष्ट्या परवडण्याची अट आहे. मात्र इथे एक बारीक, मोलाची भर पडली: कलम 24 च्या परंतुकाप्रमाणे अपंगांना मिळणारी मदत इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान 25 टक्के जास्त असली पाहिजे. तसेच कलम 45 ने सध्याच्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला नियम अधिसूचित झाल्यापासून 5 वर्षांची मुदत घातली. नियम जून 2017 मध्ये आले, म्हणजे मुदत जून 2022 मध्ये संपली. पुढे 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या नियमांतला पंधरावा नियमच कायद्याशी विसंगत ठरवला, कारण सुगम्यतेच्या मानकांना त्याने निव्वळ शिफारशींचे रूप दिले होते. किमान बंधनकारक मानके तीन महिन्यांत ठरवा, असा आदेश केंद्राला झाला.

हे सगळे कागद एकत्र वाचल्यावर माझे मत पक्के झाले आहे. जिथे कायद्यात आकडा किंवा तारीख लिहिली गेली, तिथे उशिरा का होईना हिशेब मागता आला. 3 टक्के कोणत्या पदसंख्येवर मोजायचे, हा वाद सर्वोच्च न्यायालयात 2013 मध्ये निकाली निघाला तो आकडा होता म्हणूनच. जिथे 'क्षमता' लिहिली गेली, तिथे प्रश्न विचारणाऱ्यालाच गप्प व्हावे लागले.

महाराष्ट्रात याचा उपयोग आज करता येतो. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातला ठरावीक हिस्सा अपंग कल्याणावर खर्च करायचा आहे. हा हिस्सा पूर्वी 3 टक्के होता, 2018 च्या शासन निर्णयांनी तो 5 टक्के झाला. इथे आकडा आहे. आपल्या ग्रामपंचायतीचे किंवा नगरपालिकेचे स्वउत्पन्न किती, त्याचे 5 टक्के किती झाले आणि ते कोणत्या कामावर गेले, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. तोंडी उत्तर घेऊ नका. लेखी मागा, जपून ठेवा आणि आपल्या आमदाराकडे जाताना तो कागद सोबत न्या.