रॅकूनकडून होणारी हिरवळीची उकराउकर

रॅकून (शास्त्रीय नाव: प्रोसियॉन लोटर) हा मूळचा उत्तर अमेरिकेतील निशाचर व सर्वभक्षी सस्तन प्राणी आहे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या देशांतील शहरांत तो मोठ्या संख्येने आढळतो. घराभोवतीची हिरवळ रात्रीतून उकरली जाणे ही तेथील नित्याची तक्रार आहे.

कारणे

उकरण्यामागे बहुधा अन्नाचा शोध असतो. गवताच्या मुळांशी राहणाऱ्या भुंगेऱ्यांच्या पांढऱ्या अळ्या व गांडुळे हे रॅकूनचे आवडते खाद्य होय. महाराष्ट्रात उसाची व भुईमुगाची मुळे कुरतडणारी हुमणी याच गटातील अळी आहे. उत्तर अमेरिकेत जपानी भुंगेरा प्रथम १९१६ मध्ये न्यू जर्सी राज्यात आढळला. कॅनडातील व्हँकूव्हर परिसरात युरोपीय भुंगेऱ्याची नोंद २००१ मध्ये झाली आणि त्यानंतर तेथील हिरवळींचे मोठे नुकसान झाले. शरद ऋतूत आणि हिवाळा सरताना या अळ्या पूर्ण वाढलेल्या असून पृष्ठभागाजवळ असतात. त्यामुळे उकराउकरही त्याच काळात वाढते.

रॅकूनच्या पुढच्या पंजांची स्पर्शक्षमता विलक्षण असते. अंधारात, न पाहताही तो मातीतील अळी चाचपून काढतो. अळ्यांनी मुळे आधीच खाल्लेली असल्यास गवताचा थर सतरंजीसारखा गुंडाळला जातो. म्हणजेच हिरवळ मरण्याचे मूळ कारण पुष्कळदा रॅकून नसून अळी असते. नव्याने अंथरलेले गवत मुळे धरण्यापूर्वी अळ्यांवाचूनही सहज उलटले जाते. स्कंक हा प्राणीही अळ्यांसाठी उकरतो, मात्र तो शंकूच्या आकाराचे लहान खड्डे पाडतो.

प्रतिबंध

अळ्यांचा बंदोबस्त हा सर्वांत टिकाऊ उपाय मानला जातो. त्यासाठी हेटेरोऱ्हॅब्डायटिस बॅक्टेरिओफोरा या सूत्रकृमी पाण्यातून जमिनीत सोडतात. अळ्या नुकत्याच अंड्यांतून बाहेर पडलेल्या असताना, व्हँकूव्हर परिसरात साधारणपणे जुलैच्या उत्तरार्धात, हा उपाय परिणामकारक ठरतो. माती आधी व नंतरही ओलसर ठेवावी लागते. वसंत ऋतूत अळ्या मोठ्या झालेल्या असल्याने त्याचा फारसा उपयोग होत नाही.

नव्या गवतावर जाळी अंथरून ती खुंट्यांनी पक्की करतात. हालचाल टिपून पाण्याचा फवारा सोडणारी यंत्रेही वापरली जातात. जमिनीपासून सुमारे १५ व ३० सेंटिमीटर उंचीवर दोन तारा असलेले कमी शक्तीचे विद्युत कुंपण रॅकूनला बऱ्यापैकी रोखते. मात्र काही नगरपालिका त्यास परवानगी देत नाहीत. पाळीव प्राण्यांचे अन्न, गळून पडलेली फळे व उघडा कचरा रात्री बाहेर न ठेवणे आवश्यक असते. टोरांटो महापालिकेने तर २०१६ पासून रॅकूनला उघडता येऊ नयेत अशा खास कचरापेट्या घरोघरी दिल्या.

तिखटाची पूड, दिवे किंवा रेडिओ यांची रॅकूनला लवकरच सवय होते. डांबरगोळ्या विषारी असल्याने बागेत टाकणे धोक्याचे आहे.

पकडून दूर सोडणे

हा उपाय लोकप्रिय असला तरी सदोष आहे. अन्न शिल्लक असेपर्यंत मोकळ्या जागी दुसरा रॅकून येतो. वसंत ऋतूत आई पकडली गेल्यास पिल्ले उपाशी मरतात. शिवाय रेबीजच्या प्रसाराचा धोका असल्याने अनेक ठिकाणी त्यावर कायदेशीर निर्बंध आहेत. रॅकूनच्या विष्ठेत बेलिसअ‍ॅस्कॅरिस या जंताची अंडी असू शकतात. ती माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून बागेतील विष्ठा हातमोजे घालूनच उचलावी लागते.